कॅटलॉगसाठी सांडशी, शिट्टी, अल्ड्रॉप यांना इंग्रजीत काय लिहायचं?

तुर्भेकर_पॅकिंग
नमस्कार मंडळी. तुर्भे एमआयडीसीतून न्हावा शेवामार्गे ब्रिटन-अमेरिकेला जाणाऱ्या भांड्यांचा आणि दार-नळाच्या हार्डवेअरचा इंग्रजी कॅटलॉग करतोय. वस्तू रोजच्या हातातल्या, पण नावापाशी गाडी अडते. सांडशी, शेगडीवर पातेलं ठेवतो ती जाळी, कुकरची शिट्टी, दुकानदार ज्याला अल्ड्रॉप म्हणतात ती कुलूप लावायची आडवी कडी, नळामागे भिंतीला टेकणारी गोल चकती आणि विळी. भाषांतराचं ॲप सांडशीला प्लायर्स म्हणतं आणि विळीला सिकल, म्हणजे वायरमनची पक्कड आणि गवत कापायचा विळा. यादी लांबलचक आहे, त्यामुळे सुट्या शब्दांपेक्षा शोधायची रीत सांगितलीत तर फार उपयोग होईल.

कोशप्रेमी_नौपाडा
सुट्या भागाचं नाव थेट शोधायला जाऊ नका. तो भाग कशाचा आहे ते नाव आधी धरा, कारण ते बहुतेक वेळा माहीत असतंच. गॅस स्टोव्ह, प्रेशर कुकर, डोअर बोल्ट. त्या नावापुढे ‘पार्ट्स डायग्राम’ किंवा ‘एक्स्प्लोडेड व्ह्यू’ लिहून चित्रं शोधा. त्यात प्रत्येक भागाला आकडा आणि आकड्यापुढे नाव असतं. शेगडीची जाळी अशी दोन मिनिटांत सापडते: आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये पॅन सपोर्ट, अमेरिकेत बर्नर ग्रेट. घरगुती शेगडीचं भारतीय मानक आयएस 4246 आहे, तेही बघून ठेवा. मानकातल्या शब्दावर सहसा कोणी बोट ठेवत नाही.

मूळ वस्तूलाच नाव सुचत नसेल तर वनलुकचा उलटा शब्दकोश वापरा. तिथे अर्थ टाकायचा, शब्द मिळतो. अर्थ लिहिताना आकार आणि काम दोन्ही लिहा. ‘धरायचं साधन’ एवढंच टाकलंत तर शंभर शब्द येतील. ‘गरम भांडं काठाला धरून उचलायचं, कानाशिवायचं’ असं इंग्रजीत टाकलंत की यादी आटोपशीर होते. पेटंटची चित्रंही बारीक भागांसाठी चांगली, पण तिथली नावं जशीच्या तशी उचलू नका. हक्क जास्तीत जास्त रुंद राहावा म्हणून वकील साध्या दांडीला ‘इलाँगेट मेंबर’ लिहितात, आणि कॅटलॉगमध्ये तसं वाचून गिऱ्हाइकाला काहीही कळणार नाही.

शेवटची पायरी कधीच गाळू नका. सापडलेला शब्द चित्रशोधात टाकायचा आणि साइट ऑपरेटर (शोधशब्दापुढे site: आणि त्या देशाच्या वेबसाइटचा शेवट, जसं .co.uk) लावून फक्त त्या देशाची दुकानं बघायची. पहिल्या दोन ओळींत तुमची वस्तू दिसली तर शब्द बरोबर. सांडशीला नुसतं ‘टाँग्ज’ टाकलंत तर सॅलड वाढायचे लांब चिमटे दिसतील. ‘पॉट ग्रिपर’ टाका, कॅम्पिंगवाल्यांची भांडी उचलायची पकड दिसेल, आपल्या सांडशीच्या सगळ्यांत जवळची तीच.

शिट्टीला ‘व्हिसल’ भारतात चालतं. कंपन्यांच्या पुस्तिकांत कुठे वेट व्हॉल्व्ह, कुठे प्रेशर रेग्युलेटर. मात्र नुसतं ‘प्रेशर रेग्युलेटर’ लिहू नका, गॅस सिलिंडरवर बसतो त्यालाही तेच नाव. ‘प्रेशर कुकर वेट’ लिहा, म्हणजे घोळ नाही. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा सांगा: आपल्याकडच्या बऱ्याच कुकरांत आतला मिश्रधातू वितळून वाफ मोकळी करतो, तो फ्युजिबल प्लग. अमेरिकेतल्या बऱ्याच कुकरांत रबरी ओव्हरप्रेशर प्लग असतो. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

हार्डवेअर_जांभळीनाका
दाराचं मी सांगतो. अल्ड्रॉप हा शब्द भारताबाहेर लिहूच नका. आयएस 281 मध्ये त्याला ‘स्लायडिंग डोअर बोल्ट फॉर यूज विथ पॅडलॉक्स’ म्हटलंय, ब्रिटिश दुकानात तो पॅड बोल्ट. कुलूप न लावता आतून सरकवायची कडी ती टॉवर बोल्ट, आयएस 204. कडी-कोयंडा म्हणजे हॅस्प अँड स्टेपल, आयएस 363. फट असलेली दुमडती पट्टी हॅस्प आणि कुलूप अडकतं तो कोयंडा स्टेपल. दोन्ही शब्द जोडूनच लिहा, एकटं ‘स्टेपल’ वाचून माणूस कागदाच्या पिना समजतो. प्रत्येक नावापुढे लांबी, दांड्याचा व्यास आणि धातू हवाच, उदाहरणार्थ 250 मिमी, 16 मिमी दांडा, स्टेनलेस स्टील. नावात चूक झाली तरी मापावरून माल ओळखता येतो.

नळाच्या चकतीला आपले प्लंबर फ्लँज म्हणतात. परदेशी पाइपवाल्याला फ्लँज म्हणजे बोल्ट मारून दोन पाइप जोडायची जाड तबकडी. अमेरिकेसाठी ‘एस्कचन’ लिहा आणि भोकाचं माप मिलिमीटरमध्ये द्या. अर्धा इंच हे नावापुरतं माप आहे. अर्ध्या इंची बीएसपी (ब्रिटिश मानकाच्या पाइपच्या) आट्यांचा बाहेरचा व्यास 20.955 मिमी असतो, म्हणून भोक 21 मिमीच्या थोडं वरच लागतं. कोणी इंचाचं गणित करून 12.7 मिमीचं भोक पाडलं तर सगळी खेप परत येईल.

शिपिंगबिल_वाशी
वरचं सगळं कॅटलॉगसाठी. कस्टम्सच्या कागदांत टॅरिफच्या, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या सरकारी सूचीतल्या, शब्दांच्या जवळ राहायचं. झारा त्या सूचीच्या 8215 क्रमांकाच्या शीर्षकात जातो आणि त्या शीर्षकातच ‘स्किमर्स’ शब्द आहे, म्हणून झाऱ्याला ‘फ्राइंग स्पून’ लिहू नका. दाराच्या कड्या-बिजागऱ्या 8302, कुलपं 8301. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल तिन्हीकडे एकच वर्णन, अक्षर न अक्षर तेच. एकीकडे ‘पॅड बोल्ट’ आणि दुसरीकडे ‘डोअर लॅच’ असेल तर तपासणाऱ्याला त्या दोन वस्तू वाटणारच.

तुर्भेकर_पॅकिंग
फार आभार. विळी राहिली. आणि छत्री व चेन दोन्हींत ‘रनर’ येतो, तो एकच शब्द ठेवू का?

कोशप्रेमी_नौपाडा
ठेवू नका. छत्रीत दांड्यावर वर-खाली सरकते ती नळी रनर, हे इंग्रजीतही बरोबर. कापड ताणतात त्या लांब काड्या रिब्ज, रनरपासून त्यांना टेकू देणाऱ्या आखूड काड्या स्ट्रेचर्स, टोकाची टोपी फेरूल. चेनीचा रनर मात्र बाहेर स्लायडर, त्याला लोंबणारी पट्टी पुल टॅब. जॅकेटची चेन असेल तर खालची पिन आणि डबी, इन्सर्शन पिन व रिटेनिंग बॉक्स, वेगळी लिहा. त्या नसतील तर चेन खालून सुटत नाही, आणि ऑर्डर देताना हाच फरक विचारतात.

विळीला एका शब्दाचं इंग्रजी नाव शोधत बसू नका. विळी हेच नाव ठेवा आणि खाली एक ओळ द्या: पाटावर बसवलेलं उभं पातं, पाट पायाने दाबून धरायचा, टोकाला नारळाची खवणी. ‘फ्लोअर माउंटेड’ टाळा, त्याचा अर्थ जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेलं. घडीची असेल तर ‘फोल्डिंग’ आधी लिहा, आणि पातं लोखंडी की स्टेनलेस तेही, कारण लोखंडी पातं गंजू नये म्हणून तेल लावून पॅक करावं लागतं आणि खोक्यावर तशी सूचना छापावी लागते.