दहा वर्षांनी बोवी परत आला, तेव्हाचे तुमचे अनुभव लिहा

८ जानेवारी २०१३ ला ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा ६६ वा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी काहीही गाजावाजा न करता 'व्हेअर आर वी नाऊ?' हे गाणं आलं, सोबत बातमी की मार्चमध्ये 'द नेक्स्ट डे' हा अख्खा अल्बम येतोय. त्याआधीचा 'रिअ‍ॅलिटी' २००३ चा. २००४ च्या जूनमध्ये जर्मनीत टूर चालू असताना हृदयाची धमनी ब्लॉक निघाली, तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागली, पुढचे सगळे शो रद्द. २००६ नंतर तो स्टेजवर गायलाच नाही. मी तर मनाची तयारी केली होती की आता आहे त्या जुन्यावरच भागवायचं.

तेव्हा मी बडोद्यात होते, सकाळी ऑफिसमध्ये हेडफोन लावून ऐकलं आणि पहिल्या ओळीलाच लक्षात आलं की आवाज म्हातारा झालाय. थकलेला, जरासा कापरा, आणि ते अजिबात लपवलेलं नाही. टोनी व्हिस्कॉन्टीसारखा मुरलेला प्रोड्यूसर, मनात आणलं असतं तर सगळं गुळगुळीत करून दिलं असतं त्याने. मला तो कापरेपणाच फार जवळचा वाटला, अजूनही वाटतो.

आपल्यात बोवी ऐकणारे बरेच आहेत पण एकमेकांना माहीत नसतात, म्हणून विचारतेय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय वाटलं, कुठे होता, सगळं लिहा. आवडला नसेल तर तेही लिहा.

*

ताई, आवाजाबद्दल तुमच्याशी अर्धाच सहमत आहे. ते गाणं ऐकून सगळ्यांनी धरून चाललं की अख्खा अल्बम असाच हळवा निरोपाचा असणार, पण मार्चमध्ये पहिलंच गाणं लावलं तर माणूस चक्क ओरडतोय, खणखणीत. 'द स्टार्स आर आउट टुनाइट' ऐका, त्यात कुठे आलाय थकवा. म्हणजे कापरा आवाज ही त्या एका गाण्याची गरज होती, तो तसा गायलाय, तसा झालेला नाही. माझ्या मते हे जास्त मोठं आहे.

*

मी २०११ पासून बर्लिनमध्ये आहे त्यामुळे ह्या गाण्याबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय. ते सुरूच होतं पोट्सडामर प्लाट्झवरून ट्रेन पकडण्यापासून आणि मी रोज ऑफिसला जाताना तिथेच गाडी बदलायचो. बोवी इथे राहिला १९७६ ते ७८ च्या सुमारास, शोनेबर्ग भागात, हाउप्टस्ट्रासवर १५५ नंबरच्या बिल्डिंगमध्ये. तेव्हा भिंत होती आणि हे स्टेशन बंद होतं, पश्चिमेकडची लोकल पूर्व बर्लिनच्या खालून जाताना तिथे न थांबता पुढे निघायची. म्हणजे त्याला तरुणपणी तिथून ट्रेन पकडताच आली नसती! हे कळल्यावर ती साधी ओळ माझ्यासाठी पार बदलली, हा माणूस नुसत्या जुन्या आठवणी काढत नाहीये, आत्ताच्या शहरातून चालता चालता जुनं शहर शोधतोय.

पुढे ब्योझेब्र्यूके ह्या पुलाचं नाव येतं. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री भिंतीतलं सगळ्यात आधी उघडलेलं नाकं ते हेच. आमच्या टीममधली एक बाई मूळची पूर्व बर्लिनची, त्या रात्री ती शाळकरी पोर होती आणि वडिलांचा हात धरून त्या पुलावरून पलीकडे गेली होती. कँटीनमध्ये मी तिला माझा एक इअरफोन दिला, एक माझ्या कानात. पुलाचं नाव आलं तसा तिने काटा प्लेटमध्ये ठेवला आणि गाणं संपेपर्यंत परत उचलला नाही. नंतर म्हणाली की गर्दी इतकी होती की तिला पूल दिसलाच नाही, फक्त लोकांच्या ओव्हरकोटांची बटणं दिसत होती. बर्लिनबद्दल मी बरंच वाचलंय पण त्या रात्रीचं इतकं खरं वर्णन दुसरं ऐकलं नाही.

*

मला अल्बम नाही आवडला, विचारलंय म्हणून लिहितो. १४ गाणी जरा जास्तच होतात, मधली तीन-चार काढली असती तर बांधेसूद झाला असता. आणि कव्हर! १९७७ च्या 'हीरोज' चाच फोटो घ्यायचा आणि चेहऱ्यावर पांढरा चौकोन चिकटवायचा. त्यामागचा कव्हर करणाऱ्या जोनाथन बार्नब्रुकचा विचार वाचलाय मी, जुनं पुसून पुढे जायचं वगैरे, पण दहा वर्षं वाट बघणाऱ्याला चेहरा बघायचा असतो हो. माझी खरी निराशा ती होती.

*

वरच्या दादांना, कव्हरबद्दल माझं नेमकं उलटं मत. ६६ वर्षांच्या माणसाने आपला सगळ्यात गाजलेला, देखणा चेहरा स्वतः झाकावा ह्याला हिंमत लागते. बाकी मी लंडनला असते, त्याच मार्चमध्ये व्ही अँड ए म्युझियममध्ये त्याच्यावर मोठं प्रदर्शन सुरू झालं ते बघायला गेले होते. जपानी फॅशन डिझायनर कान्साई यामामोटोने केलेले ते अचाट कपडे, हाताने लिहिलेली, खाडाखोड केलेली गाणी. कपडे इतके बारीक अंगाचे की माझ्या कॉलेजातल्या लेकीलाही कमरेत झाले नसते. आणि बाहेर नवा अल्बम नंबर एकवर! ब्रिटनमध्ये १९९३ नंतर पहिल्यांदाच त्याचा अल्बम तिथे पोचला होता. एकीकडे काचेमागे ठेवलेला माणूस आणि दुसरीकडे दुकानात ताजा माल, हे एकाच आठवड्यात बघायला मिळालं ह्याचं मला अजून अप्रूप वाटतं.

*

मी मुंबईत रेकॉर्डिंगचं काम करतो, मला सगळ्यात भारी वाटतं ते गुपित. आमच्याकडे आत कोणाचं गाणं चाललंय हे खालच्या चहावाल्याला आधी कळतं. इथे मे २०११ ला न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये मॅजिक शॉप नावाच्या स्टुडिओत काम सुरू झालं, बोवीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, वाजवणाऱ्यांकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि २०१३ उजाडेपर्यंत कुठे अक्षर फुटलं नाही. आणि माणसं काय थोडीथोडकी होती का, गिटारवर जेरी लिओनार्ड, अर्ल स्लिक, डेव्हिड टॉर्न, बासवर गेल अ‍ॅन डॉर्सी आणि टोनी लेव्हिन, ड्रम्सवर झॅकरी ऑलफर्ड, शिवाय बाकीचे. व्हिस्कॉन्टीने नंतर सांगितलं होतं की तो हीच गाणी कानात लावून न्यूयॉर्कमध्ये फिरायचा आणि समोरून बोवीचा टी-शर्ट घातलेलं कुणी आलं तरी गप्प बसायचा. माझ्याच्याने झालं नसतं.

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ह्याचा फायदा काय झाला तर तारीख नव्हती. थोडे दिवस काम, मग महिने महिने गॅप, परत ऐकायचं, बदलायचं, नको ते टाकून द्यायचं. कंपनीचा फोन नाही, फॅन लोकांचा दबाव नाही. जमलं नसतं तर गुपचूप बंद केलं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. बाहेर आल्यावरसुद्धा त्याने ना टूर केली ना मुलाखती दिल्या, बोलायचं काम व्हिस्कॉन्टीने केलं. आम्ही हल्ली गाणं व्हायच्या आधी त्याचा टीझर कापतो, म्हणून मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

*

माझी अँजिओप्लास्टी २०१२ ला झाली, तेव्हा मी ५८ चा होतो. ज्यांची झालीये त्यांना कळेल, छातीत जरा कुठे कळ आली तरी जीव धास्तावतो, जिना चढताना पायऱ्या मोजल्या जातात. मुलाने घरी हा अल्बम आणला तेव्हा मला संगीतापेक्षा हेच दिसलं की ह्याचंही झालं होतं आणि हा एवढ्या जोरात गातोय. त्याने कुठेही आजारपणाचं भांडवल केलं नाही. मला इंग्रजी गाणी फारशी कळत नाहीत, हा मात्र मी रोज सकाळी चालताना लावायचो, चांगली गती मिळते.

*

काका, तुमचं वाचून फार बरं वाटलं. मी बाकीच्यांपेक्षा लहान आहे, माझं सगळं उलटं झालं, २०१६ च्या जानेवारीत 'ब्लॅकस्टार' आला आणि दोन दिवसांत तो गेला, तेव्हा पहिल्यांदा नाव नीट ऐकलं आणि मग मागे मागे जात 'द नेक्स्ट डे' ला पोचलो. पुण्यात आमचा कॉलेजचा बँड होता, त्यातलं 'व्हॅलेंटाइन्स डे' बसवलं, कॉर्ड सोपे, चाल गोड. १४ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात घेऊ म्हणून सगळे खूश. मग शब्द लिहून काढायला बसलो तर ते शाळेत गोळीबार करायला निघालेल्या पोराचं गाणं निघालं. आमची गायिका म्हणाली, घ्यायचंच, पण आधी दोन वाक्यांत सांगून मग गायचं. तसंच केलं. सांगितल्यावर टाळ्या अगदी कमी पडल्या, पण नंतर बॅकस्टेजला येऊन पोरं त्याच गाण्याबद्दल विचारत होती, दुसऱ्या कशाबद्दल नाही.