मदत हवी आहे: कोकम सिरपच्या तळाशी पांढरे कण
यंदा घरच्या रातांब्यांचं 20 किलो सिरप केलं. लालभडक रंग उडू नये म्हणून केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) टाळून टिकवण्यासाठी सोडियम बेन्झोएट घेतलं, किलोला 700 मिलिग्रॅम. पूड थेट गार सिरपमध्ये टाकून ढवळली. आता बाटल्यांच्या तळाशी बारीक, चमकदार पांढरे कण दिसताहेत.

आंबटपणामुळे बेन्झोएटचं बेन्झॉइक आम्ल होतं आणि बुरशीला तेच रोखतं, हे माहीत आहे. पण गार पाण्यात ते कमी विरघळतं. खाली बसलंय ते हेच का? मग वरचं सिरप टिकेल का? कोमट करून ढवळलं तर चालेल? की पूड आधी पाण्यात विरघळवून घ्यायला हवी होती? रातांबे फोडून आईची बोटं अजून लाल आहेत, एकही बाटली ओतून द्यायची नाहीये. कुणी केलं असेल तर कृपया लवकर सांगा.