राजाराम बंधाऱ्यावरून पायी जाणाऱ्यांच्या आठवणी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कसबा बावडा ते वडणगे या वाटेवरच्या, पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्याबद्दल माहिती गोळा करतोय. पावसाळ्यात पुराच्या पातळीसाठी सगळा कोल्हापूर या बंधाऱ्याकडे डोळे लावून बसतो. इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 ला त्याहूनही वर.

पण मला बंधाऱ्याची दुसरी बाजू लिहायची आहे, ती वाट म्हणून. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाच्या आधी बरगे काढतात, पाऊस सरला की पुन्हा घालतात. पाणी अडवायला बांधलेल्या या खांबांवरूनच माणसं नदी ओलांडू लागली. बंधारा पाण्याखाली गेला की शिवाजी पुलाचा वळसा आलाच. माझ्या मते हा वळसाच त्या वाटेची खरी किंमत सांगतो.

तुमच्या घरातले कुणी दूध, भाजी घेऊन किंवा शाळेला इथून पायी जात होते का? पाणी चढताना कधी परत फिरायचं, हे कशावरून ठरवायचे? खांबांवर आधी चालायला फळ्या होत्या का? जुने फोटो असतील तर साल आणि काठ कोणता, एवढं लिहून इथेच टाका. बरगे घालणाऱ्या मजुरांपैकी कुणी ओळखीचं असेल तर जरूर कळवा, त्यांच्याशी बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.