पंचायतीतली ई-सेवा सारखी अडते: नवे कॉम्प्युटर घ्यावेत का?

मलप्रभाकाठ: खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची ग्रामपंचायत आहे. पावसाळ्यात ई-स्वत्तूवरचे (कर्नाटकातली गावातल्या मालमत्तांच्या नोंदीची ऑनलाइन यंत्रणा) नमुना ९ आणि ११ अ या उताऱ्यांचे अर्ज पडून राहतात. कधी नेट नाही, कधी पीडीओंची (पंचायत विकास अधिकारी) डिजिटल सही उमटत नाही, कधी नाव जुळत नाही. चार नवे कॉम्प्युटर घ्यायचा ठराव येतोय. उपयोग होईल?

फायबरवाला: आधी भिंतीवरचा ओएनटी (फायबरची वायर येते तो नेटचा डबा) बघा. 'पीओएन' दिवा स्थिर हिरवा, 'एलओएस' विझलेला, म्हणजे प्रकाश पोचतोय. एलओएस लाल लुकलुकत असेल तर शेजारच्या पंचायतीला फोन लावा. तिथंही लाल असेल तर मुख्य केबल तुटलीय किंवा पलीकडच्या ओएलटीचा (सगळ्या पंचायतींना प्रकाश पाठवणारं मुख्य यंत्र) करंट गेलाय. फक्त तुमच्याकडंच असेल तर खांबापासून आत येणारी वायर किंवा कनेक्टर तपासा; वायर खिळ्यावर गच्च दुमडलेली सापडली तर नवल नाही. दुरुस्तीवाल्याला पॉवर मीटर (प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतो तो) १४९० नॅनोमीटरवर लावायला सांगा. −२७ डीबीएमच्या खाली लिंक टिकत नाही. −२५ ला आज चालेल, पण एक सांधा बिघडला की बंद.

करंटगेला: ओएनटी यूपीएसवर आहे का तेही बघा. कॉम्प्युटर बॅटरीवर आणि ओएनटी थेट भिंतीच्या प्लगवर, हा घोळ फार दिसतो. १२ व्होल्ट १५० एएच बॅटरीतले निम्मेच वापरायचे आणि इन्व्हर्टरची तूट धरायची, तर दोन कॉम्प्युटर व ओएनटी (साधारण २५० वॅट) तीन तास चालतात. चार घेतलेत तर दीड तासही कठीण. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावूच नका, तापताना तो हजार वॅटच्या घरात ओढतो.

कचेरीकट्टा: सहीचं दुखणं वेगळं. यंत्राची तारीख मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. तारीख चुकली की ब्राउझर साइट उघडू देत नाही आणि सहीही नाकारली जाते. सहीच्या टोकनचा (पेनड्राइव्हसारखं असतं ते) पिन अंदाजानं टाकू नका, सलग चुकला की टोकन लॉक होतं. पीडीओंची बदली झाली की नव्यांचं टोकन नोंदेपर्यंत काम थांबणारच, म्हणून बदलीचा आदेश निघताच ते काम धरा.

नावांचं सगळ्यात किचकट. आपल्याकडं आधारवर इंग्रजीत डी-एन-वाय पासूनचा 'ज्ञानेश्वर', तर कन्नड नोंदीवरून इंग्रजी केलं की तो जे-एन पासून सुरू होतो. यंत्राला ही दोन माणसं वाटतात. शिवाय जुन्या याद्या 'नुडी' या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात असतील तर वेबवर चिकटवताच कचरा दिसतो. कन्व्हर्टरनं बदला, पण जोडाक्षरं आणि रफार एकेक वाचून घ्या. मराठी आडनावं तिथंच मोडतात. आणि पहाणीतलं (शेतजमिनीच्या उताऱ्यातलं) नाव पंचायत दुरुस्त करू शकत नाही, त्यासाठी तहसीलदारांकडंच अर्ज.

मलप्रभाकाठ: ओएनटी थेट प्लगवरच निघाला. ठरावात चारऐवजी एक कॉम्प्युटर, एक जादा बॅटरी आणि दोन सेल मांडतो.

करंटगेला: जादा बॅटरी जोडण्याआधी यूपीएस १२ व्होल्टचा की २४ चा, ते पाटीवर वाचा.