कॅज्युअल मॅचमध्ये रेटिंग कशाला पाहिजे?

रामबागचा_रणगाडा: ऑफिस करून घरी येतो, जेवतो आणि ऑनलाइन गेमच्या दोन मॅच खेळायला बसतो. रँक्ड, म्हणजे क्रमवारीची नाही, साधी कॅज्युअल. तरी समोरचे सगळे वर्ल्ड कपची फायनल असल्यासारखे खेळतात! तीन जिंकलो की चौथीला असे भेटतात की डोकं वर काढू देत नाहीत. कितीही सुधारा, जिंकणं आपलं निम्म्यालाच. रेटिंग, म्हणजे कौशल्याचा आकडा बघून जोड्या लावणं, रँक्डपुरतं ठेवा. कॅज्युअलमध्ये पिंग, म्हणजे नेटला किती उशीर होतो ते बघा आणि जो लाइनीत असेल त्याच्याशी लावा. बस्स.

सराफा_रात्री_११: भिया, निम्म्याला जिंकतोयस म्हणजे रेटिंग बरोबर बसलंय. तुला हरवायला कोणी टपून बसलेलं नाही. तू सुधारलास की आकडा वर जातो आणि समोरचेही तसेच तगडे मिळतात.

घोडा_अडीच_घर: यामागचा हिशेब बुद्धिबळातला. आर्पाड एलो हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, त्यांची पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970 मध्ये घेतली. माझं रेटिंग 1500, तुमचं 1700 असेल तर माझ्याकडून शंभर डावांत साधारण 24 गुणांची अपेक्षा. के-फॅक्टर, म्हणजे एका डावात आकडा जास्तीत जास्त किती हलेल तो, 20 धरला तर जिंकल्यावर मला 15 मिळतात, हरल्यावर 5 जातात. फरक 400 चा असला तर तुम्हाला जिंकून जेमतेम 2 मिळतील आणि हरलात तर 18 जातील. अशा डावात दोघांनाही काय मजा?

रामबागचा_रणगाडा: काका, बुद्धिबळात एकास एक असतं. इथे पाच जणांची टीम. एक जण मध्येच चहा प्यायला उठतो आणि पॉइंट माझे जातात!

घोडा_अडीच_घर: त्यासाठीच मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल काढलं. त्यात प्रत्येकाचे दोन आकडे: अंदाजे कौशल्य, आणि त्या अंदाजाची खात्री किती. मॅच वाढल्या की खात्री वाढते, चहावाल्यांचा हिशेब सरासरीत मिटतो.

रामबागचा_रणगाडा: नोकरी करणाऱ्याने तेवढ्या मॅच कधी खेळायच्या?

नारायणबागची_ताई: माझ्या धाकट्या भावाने एक गेम घेतला. त्यात जो येईल तो एकाच लॉबीत. बिचारा उतरायचा, पहिल्या मिनिटात मरायचा आणि उरलेला वेळ दुसऱ्यांचा खेळ बघत बसायचा. दोन दिवसांत गेम डिलीट. तुम्हाला हवं ते हेच ना?

रामबागचा_रणगाडा: नवीन पोरांना वेगळं ठेवा, माझी ना नाही. बाकीच्यांना मोकळं सोडा.

नारायणबागची_ताई: मग बाकीच्यांतले कच्चे मार खातील आणि निघून जातील. त्यांच्या वरचे आपोआप तळाला येतील. तुमचा नंबर कितवा, दादा?

रामबागचा_रणगाडा: 😂 ते सांगतच नाहीत ना! लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर कसं, नवा माणूस 1500 वर, आकडा पक्का नाही म्हणून पुढे प्रश्नचिन्ह, सगळं उघड. इथे रँकचं चिन्ह मिरवतात, पण ज्यावरून मॅच लावतात तो खरा आकडा, एमएमआर, झाकून ठेवतात. आधी तो दाखवा, मग न्यायाच्या गोष्टी करा.

सराफा_रात्री_११: दाखवला तर तूच पहिला तो जपायला बसशील. घसरेल म्हणून खेळणार नाहीस.

रामबागचा_रणगाडा: बसेन जपत. आकडा माझा आहे, भिया.