मदत हवी आहे: रात्रभर उभी राहिली की स्कूटर सकाळी चालूच होत नाही (११० सीसी, कार्बोरेटरवाली, चिपळूण)

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही कुणाला.

गाडी २०१८ ची, ११० सीसी, बीएस-४ (धुराचा जुना सरकारी निकष) म्हणजे कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग), सेल्फ आणि किक दोन्ही आहेत, ४१,००० किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा 'ही चांगली की ती' यावर जातो आणि माझं काम तिथंच राहतं.

मी आरोग्यसेविका आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाच्या अंगाला उपकेंद्रावर जाते, एका बाजूला २२ किमी, त्यातला शेवटचा रस्ता आतला, तिथं मोबाइलला रेंज नाही. एसटी आहे पण माझ्या वेळेला नाही. लसीकरणाच्या दिवशी बाया वाड्यावाड्यांवरून पोरं काखेत घेऊन चालत येतात, काही जणी तर पऱ्या (ओढा) ओलांडून, आणि त्या येऊन बसल्यात आणि मी इथं पडवीत किक मारतेय, असं या महिन्यात दोनदा झालं. दुसऱ्या वेळी एक बाई थांबून थांबून परत गेली, तिच्या बाळाचा डोस पुढच्या सत्रावर गेला. म्हणून हा विषय मला आता पुढे ढकलायचा नाहीये.

त्रास असा आहे. सकाळी सेल्फ मारला की खर्रर्र करून जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी उतरलीय असं वाटत नाही, पण इंजिन पकडतच नाही. मग मेन स्टँडवर घेऊन किक मारायच्या, पंधरा वीस पंचवीस, कधी एकदम चालू होते, दोन सेकंद फुरफुरते आणि परत बंद. असं तीनचार वेळा झालं की मग धरते आणि एकदा धरली की दिवसभर काही नाही, पिकअप चांगला, ॲव्हरेज ४५ च्या आसपास, घाटातही दम सोडत नाही. दुपारी केंद्रावर पाच तास उभी राहिली तर थोडी कटकट करते पण सातआठ किकमध्ये होते. रविवारी बाहेर काढली नाही तर सोमवारची सकाळ सगळ्यात वाईट. आणि पाऊस जोरात असला की आणखी वेगळाच प्रकार, चालत्या गाडीत मिसिंग करते, म्हणजे इंजिन अडखळतं, कधी मधेच बंद.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. प्लग बदलला. बॅटरी नवीन घातली. कार्बोरेटर दोनदा साफ केला. एअर फिल्टर नवा. मग सीडीआय (प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला, तो महाग होता. तीन गॅरेज झाली, माणसं वाईट नाहीत, "ताई, आता बघा काही होणार नाही" म्हणतात आणि त्यांच्या दारात गाडी दुपारी गरम असताना एका सेल्फला चालू होते, त्यामुळे त्यांनाही दिसत नाही आणि मलाही दाखवता येत नाही. दरवेळी एक पार्ट बदलून मी घरी येते आणि सकाळी परत तेच.

एक गोष्ट लपवत नाही. ही गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली आहे. सीटच्या वरपर्यंत पाणी होतं, ओसरलं तेव्हा हेडलाइटच्या आतही गाळ होता. तेव्हा शेजारच्या काकांनी ओरडून सांगितलं म्हणून आम्ही सेल्फ किंवा किक काहीच मारलं नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, चिपळुणात कितीतरी गाड्या तशा गेल्या. आमची ढकलत नेली. ऑइल काढलं तर दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. दोनदा ऑइल बदललं, टाकी धुतली, विमा फुल होता म्हणून खर्चाचा बराच भाग मिळाला. त्यानंतर तीन वर्षं गाडी ठीक चालली. म्हणून पुराचा यात हात आहे की नाही हेच कळत नाही.

घरचे म्हणतात विकून टाक आणि नवी घे. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला, तेव्हापासून स्कूटरला फ्युएल इंजेक्शन आहे, थंडीत गारठ्यात पटकन चालू होतात हे मान्य, पण बऱ्याच मॉडेलना किकच नाही, आणि जिथं मी जाते तिथं बॅटरी बसली तर करायचं काय हा माझा प्रश्न आहे. शिवाय पुरात सगळं वाहून गेलं तेव्हा जे थोडं हाताशी राहिलं त्यातली ही एक. जीव अडकलाय तिच्यात.

तर जाणकारांनी सांगा, आता पार्ट बदलण्याआधी नक्की काय तपासू आणि कसं?

अपडेट, पाच दिवसांनी

खूप खूप आभार सगळ्यांचे. कुणीतरी लिहिलं की आधी पेट्रोल बघ, मग करंट (प्लगची ठिणगी), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब), आणि गाडी बिघडलेल्या वेळीच बघ, गरम असताना नको. 

बॅटरी मल्टिमीटरने मोजली. सकाळी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४ पर्यंत उतरते, इंजिन चालू असताना १४.१. म्हणजे बॅटरी चांगली आणि चार्जिंगही चांगलं, पहिली बॅटरीसुद्धा कदाचित चांगलीच होती.

मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून बघायचं जे सांगितलं होतं ते केलं. आदल्या रात्रीच डिकी काढून ठेवली. सोमवारी पहाटे साडेपाचला अंगणात, गॅस, उदबत्ती सगळ्यापासून लांब, मुलाने टॉर्च धरला आणि मी ड्रेनच्या नळीखाली स्टीलची वाटी धरून स्क्रू दोन आटे सैल केला. चार थेंब आले. मोजून चार, वाटीच्या तळाला नुसता ओला डाग झाला. स्क्रू बंद केला, नेहमीसारखी किक मारत बसले, चालू झाली, दोन किमी फिरवून आणली, बंद केली आणि परत तसाच स्क्रू सोडला तर धारच लागली, वाटीचा चांगला चौथा भाग भरला. मुलगा म्हणाला, "आई, सकाळी आत पेट्रोलच नव्हतं!" तीन गॅरेज आणि सात महिने, आणि हे त्या वाटीत दिसलं.

म्हणजे रात्रीत कार्बोरेटरमधलं पेट्रोल हळूहळू उडून जातं, रविवार मधे आला की जास्त उडतं, म्हणून सोमवार वाईट. पण तेवढं तर सगळ्याच गाड्यांचं उडत असेल, मग माझ्याच गाडीत परत भरत का नाही?

याचं उत्तरही तुमच्यातूनच मिळालं. या गाडीचा पेट्रोल कॉक हाताने फिरवायचा नाही, तो इंजिनच्या ओढीवर उघडतो. इनटेकच्या (इंजिनात हवा-पेट्रोल जातं त्या) नळीवरून एक बारीक रबरी पाइप कॉकपर्यंत जातो, इंजिन हवा ओढायला लागलं की त्या ओढीने आतला पडदा उचलला जातो आणि पेट्रोल सुटतं. तो पाइप काढून हातात घेतला. वरून बघताना काहीच नाही, पण इनटेककडच्या टोकाला जिथं तो वाकतो तिथं नखाने दाबलं की एक चीर उघडायची, ओठांसारखी, सोडलं की मिटायची. किक मारताना मुळात ओढ कमी, त्यातली निम्मी त्या चिरेतून जाणार, मग पडदा उचलणार कसा? एकदा इंजिन चालू झालं की ओढ इतकी जास्त असते की चीर असूनही भागतं, म्हणून दिवसभर काही जाणवत नव्हतं.

एकाने इथेनॉलचं लिहिलं होतं की रबर त्याने खराब होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि माझी गाडी त्या हिशोबाने बनलेली नाही हे बरोबर, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांना तसं रबर वापरतात. पण या पाइपातून पेट्रोल जातच नाही, नुसती हवेची ओढ असते, त्यामुळे इथं दोष इंजिनच्या धगीचा असावा, सात वर्षांत वाळला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा पेट्रोलचा पाइप मात्र मी त्याच झटक्यात बदलून घेतला, तोही दाबला तर कडक लागत होता.

दोन्ही पाइप आणि क्लिपा मिळून दीडशेच्या आत काम झालं. मंगळवारी सकाळी सेल्फ, तिसऱ्या झटक्याला चालू. बुधवारी दुसऱ्या. मला खरंच भरून आलं हो.

अपडेट दुसरा, आज

आनंद चार दिवस टिकला. सकाळचं चालू होणं अजूनही छान आहे, ते सुटलं असं म्हणते. पण काल संध्याकाळी परतताना पाऊस असा लागला की पुढचं वळण दिसेना आणि गाडी परत मिसिंग करायला लागली, फट् फट् करत बंद. छत्रीच्या आडोशाला दहा मिनिटं थांबले, प्लगची टोपी काढून ओढणीने पुसली, परत बसवली, चालू झाली. त्या आतल्या रस्त्याला अंधार पडत असताना दहा मिनिटं एकटीने उभं राहणं काय असतं ते बायकांना सांगायला नको.

म्हणजे हे दोन वेगळे आजार होते आणि मी एकच समजून चालले होते.

रात्री घरी आल्यावर दिवे घालवून इंजिन चालू ठेवलं आणि प्लगच्या वायरवर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारलं, हात लांब ठेवून, कारण तिथं हजारो व्होल्टचा झटका असतो. टोपीच्या मुळाशी निळसर ठिणगी बाहेर इंजिनच्या अंगावर उडताना स्पष्ट दिसली, मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पण घेतलाय. तेव्हा टोपी बदलायची हे नक्की झालं, उद्या आणते.

पण टोपी शोधताना पुढचा पॅनल उघडला आणि तिथला एक कप्लर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) सोडून बघितला तर आतल्या पिना हिरव्या झाल्यात, बोटाला हिरवी भुकटी लागते, आणि त्याच्या मागे खोबणीत वाळलेला गाळ आहे, बारीक, तपकिरी, चार वर्षांपूर्वीचा. बघून पोटात कालवलं. चेसिसला जिथं आर्थिंगची वायर बोल्टने बसवलीय तिथंही गंज आहे.

आता मला इथं अडलंय. एक मेकॅनिक म्हणतो पूर्ण वायरिंग किट बदला, साडेतीन-चार हजार आणि मजुरी वेगळी. दुसरा म्हणतो सगळे कप्लर सोडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना घासा, आर्थिंगचा बोल्ट काढून जागा पॉलिश पेपरने पांढरी करा, वरून ग्रीस लावा, पाचशेत होईल. मला दुसऱ्याचं पटतं, पण पिना हिरव्या झाल्या म्हणजे वायरच्या आत तांब्यातही गंज गेला असेल का, आणि तो बाहेरून कसा ओळखायचा? मल्टिमीटर आता घरात आहे, कुठून कुठपर्यंत मोजू आणि किती आकडा आला तर वायर बाद समजू, हे कुणी सांगेल का?

आणि पेट्रोल कॉकचा पडदा पण सात वर्षांचाच आहे, तोही आत्ताच बदलून टाकू की चालतोय तोवर चालू दे?

चिपळूण, खेड, महाडकडचे कुणी असाल आणि त्या पुरातली गाडी अजून चालवत असाल तर तुम्ही वायरिंगचं काय केलंत ते जरूर लिहा. पुढचं लसीकरण सत्र मंगळवारी आहे, त्याआधी निदान कुठले कप्लर पहिले उघडायचे एवढं तरी कळवा.