बोलताना जर्मन वेगळंच ऐकू येतं, याचा नीट अभ्यास कसा करायचा?

अर्धवट_जर्मन:
जर्मनची बी-वन (मधल्या पातळीची परीक्षा) पास होऊन सहा महिने झाले, बातम्या बऱ्यापैकी कळतात, पण दोन जर्मन माणसं आपापसात बोलायला लागली की माझी विकेट पडते. 'हामा', 'हास्टे', 'इस हाल्ट सो' असलं काहीतरी कानावर येतं आणि डिक्शनरीत काही केल्या सापडत नाही. वर 'वाइल इश बिन म्यूडं', म्हणजे 'कारण मी आहे दमलेला', असं सर्रास बोलतात, आणि आम्ही क्लासमध्ये 'वाइल' नंतर क्रियापद शेवटी नाही टाकलं की मार्क जायचे! मला नुसतं बोलायला शिकायचं नाहीये, या गप्पा आतून कशा चालतात ते बघायचंय. सुरुवात कुठून करू?

शेपटाला_क्रियापद:
हामा म्हणजे 'हाबन वीर' (आपल्याकडे आहे), हास्टे म्हणजे 'हास्ट डू' (तुझ्याकडे आहे). आपण तरी 'काय करत आहेस' कुठे म्हणतो, 'काय करतोयस' म्हणतो, तेवढंच आहे ते. खरी मजा छोट्या शब्दांत आहे, डॉख, माल, डेन, हाल्ट. यांचा अर्थ पाठ करायला गेलास तर वेडा होशील, पण मराठी माणसाला हे सोपं जायला हवं कारण आपल्याकडे ना, की, बरं, जरा हेच काम करतात. 'कॉम माल हेअर' म्हणजे जरा इकडे ये. 'वी हाइस्ट डू डेन' म्हणजे नाव काय बरं तुझं. 'डू वाइस्ट डॉख' म्हणजे तुला माहितीये ना. आणि कोणी विचारलं "तू येत नाहीयेस?" तर नुसतं 'डॉख!' म्हणजे "येतोय की!", तिथे 'या' (म्हणजे हो) म्हणालास तर समोरचा गोंधळणार. 'हाल्ट' म्हणजे असंच असतं, काय करणार.

कारण_की:
वाइलबद्दल. 'वाइल' नंतर क्रियापद दुसऱ्या जागी येणं हा नुसता आळस नाहीये. 'डेअर इस्ट त्सुहाउझं, वाइल दास लिश्ट इस्ट आन', म्हणजे तो घरी असणार, कारण लाइट चालू आहे. इथे लाइटमुळे तो घरी आलेला नाही, मी असं का म्हणतोय ते सांगतोय. क्रियापद शेवटी नेलं तर लाइट चालू आहे म्हणून तो घरी थांबलाय असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. परीक्षेत मात्र शेवटीच लिही, तिथे वाद घालू नकोस.

टेप_ऐकणारी:
मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेचा (१९६४ पासूनची आहे) बोलण्यातल्या जर्मनचा डेटाबेस ऑनलाइन आहे, रजिस्टर केलं की फुकट. त्यात 'फोल्क' नावाचा संग्रह शोध. जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा, मीटिंगा, तोंडी परीक्षा, स्टुटगार्ट २१ या रेल्वे प्रकल्पावरच्या २०१० च्या मध्यस्थीच्या चर्चासुद्धा. ऑडिओ चालू होतो तेव्हा समोर जसं ऐकू येतं तसं लिहिलेलं असतं, 'हामा'ला 'हामा'च. लिहिण्याची ती पद्धत 'गाट', दुसरी आवृत्ती २००९ ची, कंसातला टिंब म्हणजे जेमतेम जाणवणारा थांबा, कोण कुणाच्या बोलण्यावर बोललं ते चौकटी कंसात. वाचायच्या भानगडीत आधी पडू नकोस, एक मिनिट घे आणि स्वतः लिहून काढ. मला पहिल्या मिनिटाला दीड तास लागला होता, पण त्या दीड तासात जे कळलं ते वर्षभराच्या क्लासात नाही कळलं. आणि हो, वाक्याच्या शेवटी आपल्या 'ना?'सारखं उत्तरेला 'ने?' म्हणतात, दक्षिणेला 'गेल?', त्यावरून माणूस कुठला याचा थोडाफार अंदाज येतो.

शेपटाला_क्रियापद:
+१. पण रोज थोडंच कर, कंटाळा येतो लवकर.

अर्धवट_जर्मन:
चाळीस सेकंद लिहून झाली, कान दुखायला लागले. एक विचारू? त्यातला एकजण सारखा 'गेनाऊ' (म्हणजे बरोबर) म्हणतोय, पण समोरच्याने काही विचारलेलंच नाहीये! स्वतःच बोलतो, थांबतो, गेनाऊ म्हणतो आणि पुढे चालू.

टेप_ऐकणारी:
बरोबर पकडलंस. तो कुणाला होकार देत नाहीये, सुटलेला धागा परत हातात घेतोय. आपण नाही का मध्येच "हां, तर..." म्हणतो. आता पुढच्या मिनिटात मोज कितीदा येतो.